नाव पिवळं असतानाच

बोम्मसंद्र्याहून फोन आला तेव्हा मी दुकानात एका आजोबांच्या चष्म्याची काडी घट्ट करत होतो. पलीकडून एक बाई कानडीत म्हणाल्या, "सार, स्वल्प बेग बन्नी." जरा लवकर या. अक्काच्या कारखान्यातून मला आजवर कधी कुणी फोन केला नव्हता, आणि बाई इतक्या जपून बोलत होत्या की मी बारका स्क्रू मुठीत तसाच धरून निघालो. होसूर रस्ता नेहमीसारखा तुंबलेला… मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सकाळच्या चहाला अक्का खुर्चीत बसली, ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. तो स्क्रू घरी आल्यावर खिशात सापडला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शालिनी. आमचे पूर्वज म्हणे तीनेकशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून इकडे कानडी मुलखात आले. घोडे केव्हाच गेले, मराठी घरात उरली आणि राजाजीनगरात आमचं चष्म्याचं दुकान उभं राहिलं. अक्काला दुकानात रस नव्हता. तिने लग्न केलं नाही, वरच्या मजल्यावर एकटी राहिली आणि आयुष्यभर कंपनीच्या बसने बोम्मसंद्र्याला गेली. कोणत्या पाळीत कोण कोणत्या मशीनवर उभं राहील हे ठरवायचं तिचं काम. कुणाच्या घरी बाळंतपण आहे, कुणाची कंबर धरली आहे, आनेकलहून येणाऱ्या कुणाची बस सारखी चुकते, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. घरी मात्र ती आमच्यावर डाफरायची. मला वाटतं, कामावरची माया संध्याकाळपर्यंत संपत असावी.

अशी बाई पन्नाशीत फुटबॉलच्या नादी लागली, तीही मैदानावरच्या नव्हे, तर पत्त्यांच्या! रविवारी सकाळी आम्ही दोघं बाहेर डोसा खायला जायचो. एकदा हॉटेलात नंबर लागायला वेळ होता म्हणून सहज त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर चढलो. तिथे गिरीश नावाच्या माणसाची गेमिंगची जागा होती. त्याने परदेशातून एक जुनं मशीन आणून ठेवलं होतं. समोर मोठा पडदा आणि खाली टेबलासारखा सपाट पट्टा. पट्ट्यावर खेळाडूंच्या चित्रांची अकरा कार्डं मांडायची. कार्ड जिथे, तिथे पडद्यावर खेळाडू. कार्ड बोटाने पुढे सरकवलं की खेळाडूही पुढे धावतो. पास आणि फटका यांना बटणं. कॉलेजातली दोन मुलं खेळत होती. अक्का त्यांच्या मागे उभी राहून थोडा वेळ बघत होती, आणि एकदम म्हणाली, "अरे, तुझा डावीकडचा दमलाय. दिसत नाही काय? काढ की त्याला." पोरगं तिच्याकडे बघतच राहिलं. डोसा त्या दिवशी राहूनच गेला.

पडद्यावर प्रत्येक खेळाडूचं नाव लिहिलेलं असायचं. ताजा असला की हिरवं, दमायला लागला की पिवळं, पुरता गळला की लाल. बाकीचे लोक चेंडू बघायचे, अक्का नावं बघायची. तिचा डाव साधा आणि पक्का होता. मागचे चौघे एका रेषेत, एकमेकांपासून चार बोटांवर. उजवी बाजू मुद्दाम मोकळी सोडायची, समोरचा लोभाने तिकडून आत घुसला की दोन कार्डं दोन बोटांनी एकदम सरकवून त्याचा रस्ता बंद करायचा. "दार लावते बघ," म्हणायची. माझी रीत वेगळी. मी एक गोल मागे पडलो की सगळी कार्डं उचलून समोरच्याच्या गोलाशी गर्दी करायचो आणि उरलेल्या वेळात आणखी दोन गोल खायचो. "दत्तू, तू फुटबॉल खेळतोस की बस पकडतोस?" हे मी दर रविवारी ऐकलं आहे.

कार्डांवरची परदेशी नावं तिला उच्चारता यायची नाहीत. तिने आपली नावं ठेवली. गोलकीपर मामा, कारण तो हात पसरून बोलावल्यासारखा उभा. मधोमध खेळणारा पांढऱ्या दाढीचा कप्तान, तो म्हातारा. एकत्र खेळून खेळून खेळाडूंची गट्टी जमते आणि पास अचूक जातात, अशी त्या मशीनची सोय होती. म्हाताऱ्याची गट्टी सगळ्यांशी होती. कुणाचंही नाव पिवळं झालं की अक्का चेंडू बाहेर जायची वाट बघायची, कारण खेळाडू बदलता येतो तो तेव्हाच. मग कार्ड हलकेच पट्ट्याच्या कडेला ओढायची आणि दर वेळी तेच म्हणायची, "ये बाबा, बस. पाणी पी." पुठ्ठ्याच्या तुकड्याला! मी चिडवायचो, कॉलेजची मुलंही हसायची. मग काही दिवसांनी तीच मुलं खेळाडू काढताना "ये बाबा, बस" म्हणायला लागली.

त्या मशीनचा आणखी एक नियम होता. खेळाडूचे ठरलेले सामने झाले की तो निवृत्त होतो. तेच कार्ड नव्या संघात घातलं तर तो पुन्हा तरणाबांड होऊन येतो, पण जुनी गट्टी, जुनी सवय, काही उरत नाही. म्हाताऱ्याचा एकच सामना शिल्लक राहिला तेव्हा अक्काने त्याला बाकावर बसवलं. कितीतरी रविवार तो बसूनच. मी म्हटलं, "खेळव की एकदा, संपू दे." ती म्हणाली, "सरी, बरं, खेळवीन. चांगला दिवस बघून खेळवीन. आणि लाल होऊ द्यायचा नाही मी त्याला. पिवळा असतानाच काढायचा. आपल्या पायांनी चालत बाहेर जाऊ दे." तो चांगला दिवस काही आला नाही.

तेराव्याला तिच्या कारखान्यातल्या शोभाबाई आल्या होत्या, मला फोन करणाऱ्या त्याच. त्या रडत रडत सांगत होत्या, की पाळ्या लावणारं दुसरं माणूस रजेवर गेलं आणि अक्काने तेही काम अंगावर घेतलं. छातीत जळजळतं म्हणायची, कपाटातल्या आम्लपित्ताच्या गोळ्या चघळायची. "मॅडमनी आम्हाला सगळ्यांना रजा दिली," शोभाबाई म्हणाल्या, "म्हणाल्या, मी आहे ना." ते ऐकून लोक हळहळले. मला मात्र राग आला. संताप आला. जिला पडद्यावरच्या परक्या पोराचा दम लांबून ओळखता यायचा, तिला स्वतःच्या छातीतलं कळलं नाही? की कळलं आणि गप्प बसली? आम्ही एकाच जिन्याने वर-खाली करत होतो. एक हाक पुरली असती… हा राग कुणापाशी बोलावा ते कळत नाही. गेलेल्या माणसावर रागावणं चांगलं दिसत नाही. पण येतो, अजून येतो.

गेल्या आठवड्यात गिरीशचा फोन आला. मशीन नीट चालत नाही, सुटे भाग मिळत नाहीत, तो ते भंगारात देणार होता. "सर, मॅडम का टीम इसी में है. एक बार आ जाओ." मी नको म्हणणार होतो. पण म्हातारा बाकावर तसाच बसून राहील आणि मशीन भंगारात जाईल, ही कल्पना मला सहन होईना. अक्काची कार्डं तिच्या कपाटात होती, आमच्याच दुकानातल्या गॉगलच्या मोठ्या डबीत, आतल्या निळ्या मखमलीवर नीट रचून ठेवलेली. डबी घेऊन गेलो.

तिच्या पद्धतीने मांडलं. चौघे एका रेषेत, उजवी बाजू मोकळी, मधोमध म्हातारा. समोर मशीनचाच संघ. दार लावायला मला काही तिच्यासारखं जमेना. एक गोल खाल्ला. तरी या खेपेला गर्दी केली नाही. म्हातारा मात्र काय खेळला! इतके रविवार बसून राहिलेला, पण गट्टी तशीच होती, पास बरोबर आपल्या माणसाच्या पायात. उत्तरार्धात त्याचं नाव पिवळं झालं. मी चेंडू बाहेर जायची वाट बघू लागलो. जाईचना. इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि पिवळा रंग गडद होत नारिंगीकडे चाललेला. तेवढ्यात माझ्या डावीकडच्याने चेंडू हिसकावला, म्हाताऱ्याला दिला, आणि म्हातारा मोकळ्या उजव्या बाजूने सुटला. समोर एकटा गोलकीपर. "मारो सर, मारो!" गिरीश ओरडला. माझा अंगठा फटक्याच्या बटणावर होता. आयुष्यभर मी तोच फटका मारत आलो आहे.

मी त्याला वळवलं आणि चेंडू सरळ बाजूच्या रेषेबाहेर घालवला.

"क्या सर! गोल था वो!" गिरीशने कपाळाला हात लावला. खेळ थांबला होता. नाव अजून पिवळंच होतं. मी म्हाताऱ्याचं कार्ड दोन बोटांनी धरून हळूहळू पट्ट्याच्या कडेला ओढलं. पडद्यावर तो चालत निघाला, आपल्या पायांनी, हात वर करून. मशीनमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे सामना कसा संपला, मला माहीत नाही. कार्ड परत मखमलीवर ठेवताना तिच्याच सवयीने ओठांवर आलं, "ये बाबा, बस…" आणि पुढचं म्हणवेना. एवढंच तर होतं. बोम्मसंद्र्याच्या त्या खुर्चीपाशी, तिची चहाची वेळ व्हायच्या कितीतरी आधी, कुणीतरी तिला एवढंच म्हणायला हवं होतं.