लंकाबाईनं ठोकून दिलेली थाप

मिरजगावच्या बाजारात भाजी विकणारी लंकाबाई खोटं बोलायला कधी कचरली नाही. वांगी कालची असली तरी ‘आत्ताच तोडलीत’ म्हणून शपथ घ्यायची. त्यानं कुणाचं वाटोळं झालं नव्हतं. कल्याणबद्दल ती जे बोलली, त्यानं मात्र एका पोरीचं होता होता राहिलं.

कल्याण तिचा एकुलता एक. कामाधंद्याला लागल्यावर त्यानं आईला सरळ सांगितलं, मला पोरी आवडत नाहीत, माझा जीव एका पोरावर आहे, लग्नाचं बघू नकोस. बाईच्या पायाखालची जमीन सरकली. बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणून, देवदर्शनाचं निमित्त सांगून, तिनं त्याला माळावरच्या एका देवऋष्याकडं नेलं. त्या बाबाची रीत अशी, की मिरचीच्या धुरीवर पोराचं डोकं आईनंच धरायचं. परक्याच्या हाताला बाधा दाद देत नाही म्हणे. आणि हिनं धरलं. पोरगं ‘आई, नको’ म्हणून ओरडत होतं आणि बाबा म्हणत होता, हे तुझं पोरगं बोलत न्हाई, आतलं बोलतंय. तिनं बाबाचं ऐकलं. काय म्हणावं या बाईला.

कल्याण पुण्याला निघून गेला, तो आईचा फोनच घेईना. मग गावात काय तोंड दाखवायचं? लंकाबाईनं ठोकून दिलं, बाबाचा गुण आला, पोरगं सुधारलं, पुण्याला नोकरीला लागलं. सांगून सांगून तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

परवा तिची भावजय भागूबाई लेकीला घेऊन दारात उभी. लेक आरती, कॉलेजात जाणारी, एरवी तोंडाची टकळी चालू असायची तिच्या. त्या दिवशी मान वर करीना. बाहेर रिक्षा थांबलेली.

“अक्का, बाबाकडं निघालोय. तुमी बी चला, तुमाला रीत ठावं हाय,” भागूबाई म्हणाली. “हिचं बी कल्यानसारखंच झालंय. मैत्रिणीत जीव अडकलाय, लगीन नको म्हनती. एकदा नीट झाली की कल्यानलाच देऊ. मामाची पोरगी, हक्काची.”

लंकाबाईच्या कानात कल्याणचं ‘आई, नको’ घुमलं. आपल्या थापेवर भरवसा ठेवून ही लेकीला धुरीवर न्यायला निघालीय. खरं सांगावं, तर एवढी राखलेली अब्रू भावकीत जायची.

“भागे, त्यो सुधारला न्हाई,” ती म्हणाली. “सुधारायला त्याला काय झालंच नव्हतं. मी गावाला खोटं सांगितलं. पोरगं माझ्यापासनं पळून गेलंय.”

“मंग गावभर सांगत का फिरलात?” भागूबाई कडाडली.

लंकाबाई रडायला लागली. नणंदेला असं रडताना भागूबाईनं कधी पाहिलं नव्हतं. ती बाहेर गेली आणि रिक्षावाल्याला जा म्हणाली.

लंकाबाईनं आरतीला तिच्याच मोबाईलवरनं कल्याणला फोन लावायला सांगितलं. त्यानं उचलला. आरती अंगणात जाऊन बोलत बसली, रडली, मग चक्क हसली. आत आली तेव्हा तिचा चेहरा सैल पडला होता. असली धुरी देणं गुन्हा आहे, पोलिसात जाता येतं, असं त्यानं सांगितलं होतं. पुण्यात त्याला ज्या माणसांनी सावरलं, त्यातली एक ताई उद्या भागूबाईशी बोलणार होती.

“माझं काय इचारलं?” लंकाबाईनं विचारलं.

आरतीला खोटं बोलता आलं असतं. पण तिनं खरं तेच सांगितलं.

“मी म्हनले, आत्या हितंच हाय, देऊ का फोन. त्यो म्हनला, नको.”

लंकाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

“बरुबर हाय त्याचं. आज मी तुज्या आईला अडवलं. मला तवा अडवायला कुनी नव्हतं, असं न्हाई पोरी. त्योच अडवीत हुता.”