रिसीव्हर एक, डेक एक

माझ्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी एकच प्रश्न विचारलात. शेजारच्या वाडीतले आजोबा वारले, अख्खा गिरीज गाव मातीला गेला, मग आजी का गेली नाही? तुमच्या आईने "आजीचे गुडघे दुखतात" असं सांगून वेळ मारून नेली. माझे गुडघे ठीक आहेत. ज्या माणसामुळे मी गेले नाही तो आता उत्तर द्यायला नाही, म्हणून त्याची बाजूही मला आठवते तशी खरी सांगते.

तो तुमच्या आजोबांचा धाकटा चुलतभाऊ, म्हणजे माझे भाऊजी. आमच्या दोन वाड्यांमध्ये तेव्हा फक्त केळीची एक रांग होती. मुंबईला फोर्टात एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्याचं टेबल होतं. बोटीने आलेला माल कस्टममधून सोडवून देणं हा त्याचा धंदा. सत्तरच्या दशकात आमच्या पट्ट्यातली कितीतरी मुलं आखातात गेली होती. त्यांच्या पेट्या यायच्या आणि सगळ्या त्याच्याच हातून सुटायच्या. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात त्याच्याभोवती घोळका असायचा.

माझा धाकटा भाऊ बहारीनला होता. वटारच्या एका मुलीशी त्याचं ठरलं होतं. नव्या घरासाठी त्याने तिकडून गाण्याचा सेट पाठवला. रीतसर परवाना काढला आणि सोबत स्वतःच्या सुवाच्य अक्षरात इंग्रजी यादी दिली: स्टिरिओ रिसीव्हर एक, टेप डेक एक, स्पीकर दोन. यादी थेट भाऊजींच्या टेबलावर गेली. परवान्यावरचं, कागदावरचं आणि पेटीतलं वर्णन तंतोतंत जुळलं तरच माल सुटायचा.

भाऊजींनी कागदावर लिहिलं, "रेडिओ, एक."

आमच्या गावात जे जे गातं ते रेडिओ. ग्रामोफोनही रेडिओ, टेपही रेडिओ. पण कस्टमच्या दरपुस्तकात तसं नव्हतं. पेटी उघडली, आत चार नग निघाले आणि माल अडकला. इथवर चूक होती. चूक मी माफ केली असती. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, रोज चाळीस मुलींच्या चुका माफ करत होते.

पुढच्या रविवारी, माझ्या देखत, चर्चच्या पायऱ्यांवर भाऊजी म्हणाले, "मी काय करू? पोरानं रेडिओ सांगितला आणि आत भलतंच भरलं. स्मगलर निघाला वहिनीचा भाऊ!"

"भाऊजी, त्याने यादी दिली होती," मी म्हणाले.

"कसली यादी? शाळेत पाढे म्हणा, वहिनी. कस्टम म्हणजे फळा-खडू नाही."

लोक हसले. मुलीचा बाप तिथेच उभा होता. तो हसला नाही, टोपी घालून निघून गेला. पुढच्या रविवारी चर्चमध्ये लग्नाची घोषणा व्हायची होती, ती झाली नाही.

मी फोर्टात जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ते दरपुस्तक आणलं. तुमचे आजोबा म्हणाले, "घरातलं भांडण घरात मिटव." मी म्हटलं, "चर्चच्या पायऱ्या कुणाचं घर?"

पुस्तक मला अजिबात अवघड गेलं नाही. व्याकरणासारखंच होतं. प्रत्येक वस्तूला तिची जागा आणि जागा ठरवण्याचे नियम. रिसीव्हर रेडिओच्या कलमात, कारण आत रेडिओ होता. स्पीकर सुटे असले की त्यांचं कलम वेगळं. आणि टेप डेक चक्क वाद्यांच्या प्रकरणात, पियानो आणि बासरीच्या शेजारी! म्हणजे एका सेटच्या तीन जागा. भावाच्या यादीतला शब्दन् शब्द बरोबर होता.

कस्टममधल्या सुनावणीला भावाच्या वतीने मी गेले. अधिकारी वयस्कर आणि शांत होते. त्यांनी भाऊजींची फाइल उलटली. मागे टाचणीला ती यादी लावलेली होती. ती लपवायचंसुद्धा भाऊजींना सुचलं नव्हतं.

"यादी तर तुमच्याकडे होती," अधिकारी म्हणाले. "मग डेक कुठे गेला?"

भाऊजींनी घाम पुसला. "साहेब, डेक म्हणजे बोटीचा. माल खाली नाही, डेकवरून आला, असं समजलो मी."

"आणि रिसीव्हर?"

"रिसीव्हर म्हणजे माल घेणारा. हिचा भाऊ. एकच आहे, म्हणून एक लिहिलंय."

कारकून तोंडावर फाइल धरून हसत होता. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी हसले नाही. मी पर्स उघडून ती दोन्ही वाक्यं वहीत उतरवून घेतली.

आदेशात तिन्ही कलमं वेगवेगळी लिहिली गेली. खाली स्पष्ट नोंद होती, की आयात करणाऱ्याने खरी यादी दिली होती, चुकीचं वर्णन एजंटाचं. माल सुटला. मी आदेशाची प्रत घेऊन वटारला गेले. मुलीच्या बापाने ती उभ्यानेच वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाला, "बाय, उशीर झाला. तिचं दुसरीकडे ठरलं."

भावाने त्यानंतर लग्न केलं नाही आणि राहायला परतही आला नाही.

मग मी माझं काम सुरू केलं. आदेशाचं मराठी केलं, कार्बन लावून प्रती काढल्या आणि ज्या ज्या घरातलं माणूस आखातात होतं तिथे स्वतः नेऊन वाचून दाखवल्या. वहीतली दोन वाक्यं शेवटी वाचायची. लोक पोट धरून हसायचे. महिन्याभरात भाऊजींचं नाव पडलं "डेक." मिस्साहून निघाला की कुणीतरी विचारायचं, "काय डेक, आज वर की खाली?" बायका म्हणायच्या, "रिसीव्हर एकच आहे हो, ढकलू नका!"

लोकांचे कागद मी फुकट भरून देऊ लागले. प्रत्येक नगाचं नाव, प्रत्येकाचं कलम. कागद हातात असला की मालक स्वतः जाऊन माल सोडवायचा किंवा दुसरा एजंट धरायचा. दुसऱ्या वर्षी जिन्याखालचं टेबल गेलं. त्याच्या थोरल्या मुलीचं कॉलेज सुटलं आणि ती एका कारखान्यात लागली. ती हुशार होती, माझीच विद्यार्थिनी. हे मला ठाऊक होतं, तरी मी कागद भरत राहिले.

एका दुपारी तो केळीतून वाट काढत आमच्या ओट्यावर आला. मी भाजी निवडत होते.

"वहिनी, आता पुरे करा ना."

"पायऱ्यांवर उभे राहा, भाऊजी. त्याच पायऱ्यांवर. यादी माझ्याकडे होती, मला वाचता आली नाही, एवढं सगळ्यांसमोर म्हणा. त्याच दिवशी थांबते."

"इंग्रजी येत नाही असं सगळ्यांसमोर म्हणू? मग माझं उरलं काय?"

"माझ्या भावाचं काय उरलं?"

तो आला तसा केळीतून परत गेला. पायऱ्यांवर तो कधीच बोलला नाही. त्याला बोलायला चाळीसहून जास्त वर्षं होती. म्हणून मी त्याच्या मातीला गेले नाही, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

त्या दुपारनंतरच्या आठवड्यात मी दोन वाड्यांच्या मधली केळी काढायला लावली आणि तिथे तारेचं कुंपण घातलं. ते कुंपण अजून आहे.