आक्काच्या मागे, पांदणीनं

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदुऱ्याला शाळेत होते. मुलं पाढे म्हणत होती. फोनवर हे नुसतं म्हणाले, "आक्का गेली व..." सकाळी ती नेहमीसारखी सायकलवर शेतात जाऊन आली होती. ओट्यावर टेकली, पाणी मागितलं, आणि पाणी येईस्तोवर सारं संपलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला असं मरण, भाग्याची म्हणायची, असं सगळे म्हणाले. असेलही. मी बसनं वडनेरला, घरी, परत येत होते. दोन्ही बाजूंना पळस पेटलेले असणार, मला एकही दिसला नाही.

आक्का माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. गावातली अंगणवाडी चालवली आणि सायकल चालवली. अंगणवाडी उघडायच्या आधी ती रोज पांदणीनं, शेतांमधल्या कच्च्या वाटेनं, शेतावर जायची. शेतात रोज काम असायचंच असं नाही. कधी कोथिंबीर आणायची, कधी नुसती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ बघायची आणि यायची. तिच्या तरुणपणी लोक हसत होते म्हणे. मी सून म्हणून आले तोवर हसणारे थकले होते.

माझं पहिलं बाळ जन्मलं आणि दुसऱ्याच दिवशी गेलं. मुलगा होता. ह्यांनी आणि चुलतसासऱ्यांनी त्याला नेऊन पुरलं. बायकांनी जायची रीत नाही. कुठं, ते मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. "विसर आता," एवढंच जो तो म्हणायचा. मी अंगणाच्या पलीकडं जाणंच सोडलं. सासूबाई मायेनं म्हणायच्या, "पड जराशी, पोरी." मी पडून राहायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली...

फाल्गुन लागला तेव्हा एका सकाळी आक्कानं सायकल दाराशी आणली. "बस मांगं."

"कुठं?"

"बस तं खरी."

सासूबाई बाहेर आल्या. "काऊन नेतं व तिले? वारं लागन!"

"लागू दे वारं," आक्का म्हणाली. "घरात मुरवून काय लोणचं घालतं तिचं?"

मी कॅरिअरवर बसले. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग ते रोजचंच झालं. मला दिसायची तिची पाठ आणि तिच्या दोन्ही बाजूंनी सरकणारं शिवार. गव्हाची सोंगणी चाललेली, कडुनिंबाच्या मोहोराचा कडसर गोड वास, करंजाला फुटलेली कोवळी पालवी. सुरुवातीला हे सगळं दिसतंय याचाच मला राग यायचा. माझं लेकरू मातीत आणि झाडांना पालवी कसली फुटते, असं वाटायचं. पण रोज जाता जाता राग विरत गेला. एकदा तिनं शेतातच हरभऱ्याचा हुळा भाजला. हात काळे करून मी तो खाल्ला, आणि घरी येऊन पहिल्यांदा भूक लागली म्हणून भाकर मागितली.

चैत्राच्या तोंडावर तिनं सायकल नेहमीच्या वाटेवरून वळवली आणि नाल्याकाठी एका पळसापाशी थांबवली. खाली पाकळ्यांचा सडा होता, त्यात दगडांची एक छोटी रास.

"हे पाह्य. अथी आहे थो," ती म्हणाली. "मी भावाले इचारून घेतलं. जेवढं रडाचं तेवढं रड. मी सायकलीपाशी थांबतो."

किती वेळ गेला कोण जाणे. मी परत आले तेव्हा ती खरंच सायकल धरून, पाठ फिरवून उभी होती. उन्हानं लाल झाली होती. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि हँडल माझ्या हातात दिलं. "आता तू चालव. मी मांगून धरतो."

मी पडले. पुन्हा पडले. मग दोघी मिळून करडईच्या वावरात पडलो, काटे टोचले, आणि मी हसले. ते हसू ऐकून मीच दचकले. पुढं त्याच सायकलवरून मी डी.एड.ला नांदुऱ्याला जाऊ लागले. सासूबाई रागावल्या तेव्हा आक्का फक्त म्हणाली, "माय, जाऊन राह्यली तं जाऊ दे तिले." लेक झाली तेव्हा तिलाही पहिल्यांदा पांदण आक्कानंच दाखवली. या बाईनं मला कधी उपदेश केल्याचं आठवत नाही.

तेरवी झाल्यावर एका सकाळी हे सायकल पुसत बसले होते. वर्षानुवर्षं मोटारसायकल सोडून ते कशावर बसले नव्हते. म्हणाले, "चाल, शेतात जाऊन येऊ." मी मागे बसले. अंगणातून बाहेर पडतानाच आम्ही दोनदा डगमगलो. पांदणीला लागल्यावर जरा तोल आला. मग हे मागं न बघताच बोलू लागले.

"बाबा गेले तवा मी दुसरीत होतो. शाळेत जात नव्हतो, बोलत नव्हतो. आक्का रोज सकाळी मले असीच मांगं बसवून आणे. काही म्हने नाही. नुसती सायकल चालवे..."

चढ आला होता, त्यांना दम लागला. मी म्हटलं, उतरते. "नको," ते म्हणाले, "बस तू." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बसून राहिले.