रुद्रम्माने सोडली नाही ती गोळी

येडशीत माझ्या थोरल्या चुलतीपुढे, रुद्रम्मापुढे, कुणाची डाळ शिजत नसे. निजामाचा अंमल होता. जहागीरदाराचा टांगा आला की बायका भिंतीला चिकटत, ही मात्र आपल्या चालीने चालायची. मला तिचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

तिला आकडी यायची. दातखिळी बसली की लोक नाकाला जुनं खेटर लावत आणि वर उपदेश करत. शेवटी काकाने तिला रेल्वेने बार्शीला, इंग्रजी मुलखातल्या डॉक्टरकडे नेलं. त्याने रोज दिवेलागणीला घ्यायची गोळी दिली आणि बजावलं, "डोक्यात एकाएकी भडका उडतो, तीच आकडी. गोळी तो भडका दाबून धरते, आजार मुळातून उपटत नाही. बरं वाटलं म्हणून एकदम सोडलीत तर पहिल्यापेक्षा जोरात उसळेल. एखादे दिवशी चुकली तरी दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. सुरुवातीला झापड येईल, तेव्हा विहिरीवर जाऊ नका."

वर्षभर आकडी आली नाही. पण सासूने, नीलम्माने, मधेच रामलिंगाला नवस बोलला होता. "देव नवसाला पावला. आता गोळी घेतलीस तर त्याच्यावर भरवसा न्हाय असं हुईल," म्हणत तिने बाटली उकिरड्यावर फेकली. काकूने सासूचा मान राखला, गोळी थांबवली. थोड्याच दिवसांत भाकरी भाजताना ती चुलीवर कोसळली. आकड्या लागोपाठ येत राहिल्या, उजवा हात कोपरापर्यंत भाजला. वर सासू म्हणते कशी, "तुझ्याच मनात खोट असंल!" माझं तर डोकंच फिरलं.

काकूने फडकं बांधल्या हाताने पुन्हा बार्शी गाठली आणि गोळी सुरू केली. आकडी थांबली. लगेच नीलम्माने नवसाचं जेवण घातलं. दिवेलागणीला जंगमस्वामी आणि सारी भावकी पंगतीला बसली होती.

"स्वामींच्या पायाशी ठिव त्या गोळ्या आन् सोड आता," सासूने सगळ्यांदेखत फर्मावलं.

काकूने कनवटीची बाटली काढली, गोळी जिभेवर ठेवली, वर घोटभर पाणी घेतलं.

"आत्याबाई, पडते म्या, भाजते म्या. गोळी सोडायची का न्हाय ते पंगत ठरवणार व्हय?"

"अगं, देव रागवंल!"

"रागवू द्या. हात जोडले की देव ऐकतो. आकडी कुणाचंच ऐकत न्हाय."

एवढं बोलून ती भात वाढायला उठली.