आपोआप भरणारी बॅटरी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मधे थांबवू नका. हे सांगताना एका ठिकाणी मी अजूनही गप्प होतो.

नांदेडात माझं धान्याचं दुकान. पोत्यात सळई खुपसून तळाचा दाणा बघितल्याशिवाय मी कुणाचा माल घेत नाही. अशा माणसानं पन्नाशीत खाण्यापिण्याची गाडी काढली. पिकअपच्या मागं जोडायची. आत फ्रीजर, मिक्सर, दिवे. वीजही गाडीतलीच: चार बॅटऱ्या, एक इन्व्हर्टर, एक छोटा जनरेटर. जनरेटरवर चार्जर लावून बॅटऱ्या भरायच्या, बॅटऱ्यांवर फ्रीजर चालवायचा. मोबाइलवर बघून बघून सगळं स्वतः जोडलं. छाती फुगणार नाही तर काय!

उन्हाळ्यात भाचीचा साखरपुडा ठरला, चाकूरजवळ, दाजींच्या शेतात. दाजी म्हणाले, "मामा, कुल्फी तुमच्याकडं. पोराकडचे लोक लई बारीक बघतेत. तेवढी माझी लाज राखा."

सकाळी पोचलो, तारा जोडल्या, जनरेटर लावला. तासाभरानं बंद केला. बघतो तर काय, चार्जरचा हिरवा दिवा चालूच! जनरेटर थंड, आणि बॅटरी भरून राहिली!

पाच मिनिटं थांबलो. दहा मिनिटं थांबलो. दिवा काही विझेना.

"अगं, इकडं ये! बॅटऱ्या आपोआप भरायल्यात!"

"आपोआप कशा भरतील?" बायको म्हणाली.

"दह्यासारखं असतंय ते. एकदा विरजण लागलं की पुढचं आपसूक."

"माझ्या दह्याला तरी दूध लागतंय," असं म्हणून ती वेलदोडे सोलायला निघून गेली.

तिथंच शहाणं व्हायला काय हरकत होती? पण नाही!

तेवढ्यात मांडववाले मेहबूबभाई घामाघूम होऊन आले. गावची लाईट गेलेली, त्यांचा जनरेटर बसलेला, कूलर बंद. "शेठ, तुमचा जनरेटर देता का? पाव्हणे यायलेत."

"घेऊन जा! आपल्याला लागतच नाही."

"अन् तुमची कुल्फी?"

"आपली बॅटरी स्वतःच भरती."

मेहबूबभाईंनी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कमाल है शेठ," म्हणाले, आणि माझं मन बदलायच्या आत जनरेटर उचलून पसार.

बातमी मांडवभर झाली. दाजी ज्याला त्याला सांगायला लागले, "आमच्या मामांनी तेलाबिगर भरणारी बॅटरी बनवली!" मी नाही म्हणालो का? छे! मी मिशीवरून हात फिरवला.

दुपारी इन्व्हर्टर पीं पीं करू लागला.

"काय म्हणायलाय तो?" बायको.

"पोट भरलं म्हणायलाय."

थोड्या वेळानं तो गप्प झाला. हिरवा दिवाही गेला. मला वाटलं, जेवून झोपला.

अंगठ्या घालून झाल्या आणि कुल्फीचा पुकारा झाला. मी ऐटीत फ्रीजरचं झाकण उघडलं. साच्यात नुसतं गोड दूध, आणि त्यात काड्या पोहून राहिलेल्या!

नेमके तेव्हाच मुलाचे वडील गाडीत चढले, आपोआप भरणारी बॅटरी बघायला. मागं दाजी, फुगलेले. मुलाचे वडील शेतकरी माणूस, जन्म विहिरीच्या मोटारी उघडण्यात गेलेला. त्यांनी चार्जरच्या वायरीवर बोट ठेवलं आणि मागं मागं जात राहिले. वायर गेली प्लगात. प्लग जनरेटरच्या बोर्डात नव्हता; शेजारच्या, अगदी तसल्याच, इन्व्हर्टरच्या बोर्डात होता. इन्व्हर्टरची वायर बॅटरीत. बॅटरीची वायर चार्जरला. बोट जिथून निघालं तिथंच परत आलं. म्हणजे सकाळी जनरेटर नुसता धूर काढत होता, आणि बॅटरी स्वतःच स्वतःला भरवत बसली होती.

"शेठ," ते हळूच म्हणाले, "इहिरीचं पाणी मोटारीनं वर काढायचं, अन् पाइप परत त्याच इहिरीत सोडायचा. इहीर भरतीय का?"

"नाही."

"उलट वाटंत सांडतंय तेवढं जातंय."

मी गप्प होतो तो इथं. मला कुणी फसवलं नव्हतं. हवं तेच दिव्यानं सांगितलं, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोत्यात सळई खुपसली, आणि स्वतःच्या गाडीतल्या हातभर वायरीमागं बोट फिरवलं नाही. दाजी मान खाली घालून उभे होते. त्यांची लाज माझ्या साच्यांत वितळली होती.

"चुकलं पाव्हणं," मी म्हणालो. "दाजींचा यात काही दोष नाही. सगळं माझं."

मुलाच्या वडिलांनी एक साचा उचलला, तोंडाला लावला, सगळा प्याले. मिशा पुसल्या. मग बाहेर येऊन सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पण आमची एक अट हाय."

दाजींनी खांब धरला.

"लग्नात मामानं पोरीच्या मागं उभं राहावं, अक्षता टाकाव्या, पोटभर जेवावं. पण वायरीला हात लावायचा न्हाई! आता वाट्या आणा, दूध लई गोड झालंय."

लग्न लातूरला झालं, भर दुपारी. मंगलाष्टकं रंगात आली आणि लाईट गेली. पंखे थांबले, माइक मुका झाला. भटजींसकट सगळं कार्यालय वळून माझ्याकडं बघायला लागलं.

मी भाचीचे खांदे दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले.