शेवटून दुसरा

आमच्या किनाऱ्यावर माझ्या मित्राची गोष्ट अजून हसत सांगतात. टीव्हीवरच्या शर्यतीपायी पाय घालवलेला माणूस. सांगणारे वाईट नाहीत, त्यांना तेवढंच ठाऊक आहे. आणि तेवढंच ठाऊक आहे याचं कारण मी आहे.

तो डहाणूचा. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि स्वतःच्या टेम्पोने मासळी वापीच्या बाजारात पोचवायचा. मी त्याच्याच गावात राहणारा, तलासरीच्या शाळेतून निवृत्त झालेलो, बायको आधीच गेलेली. घरात बसवत नसे म्हणून त्याच्या शेजारी बसून वापीला जाऊन येई. परतताना राज्याच्या सीमेवर, अच्छाडच्या चेकनाक्याजवळ एका ढाब्यावर चहा ठरलेला. २०१४च्या जानेवारीत तिथल्या टीव्हीवर आम्ही ती शर्यत पहिल्यांदा पाहिली. दक्षिण अमेरिकेतल्या वाळवंटातून, डोंगरातून पंधरवडाभर चालणारी. मोटरसायकली, जीपगाड्या आणि चक्क ट्रक. संध्याकाळी अर्धा तास दाखवायचे. बाहेर नाक्यावरची ट्रकांची रांग हलत नसे आणि आत ड्रायव्हर लोक चहा घेत वाळूच्या टेकडीवरून उडणारा ट्रक बघत.

"तिकडे चेकनाका नाही ना, म्हणून पळतायत," एक ड्रायव्हर म्हणाला.

"इकडे आण त्याला," दुसरा म्हणाला. "अच्छाडला रांगेत उभा राहिला की कळेल शर्यत काय असते."

सगळ्यांना ट्रक आवडायचे. माझ्या मित्राला मात्र एक मोटरसायकलवाला आवडला. त्या शर्यतीत काही जण मदतनीस न घेता उतरतात. हत्यारांची एक पेटी तेवढी जवळ. दिवसभर गाडी चालवायची आणि मुक्कामाला पोचल्यावर आपणच ती उघडून नीट करायची. असाच एक पिकल्या दाढीचा माणूस तंबूबाहेर मांडी घालून चेन साफ करताना ओझरता दाखवला. मित्र कप ठेवून उठला आणि टीव्हीजवळ जाऊन उभा राहिला.

"मास्तर, हा आपला माणूस. भर समुद्रात इंजिन बंद पडलं की आम्ही असंच करतो."

त्याचं परदेशी नाव आमच्या जिभेवर बसेना. मित्राने त्याला 'एकटा' म्हणायला सुरुवात केली.

एकटा दर वर्षी यायचा आणि दर वर्षी मध्येच कुठेतरी गळायचा. टीव्हीवर तो फारसा दिसत नसे. मागे राहिलेल्यांना कोण दाखवणार? मी सायबर कॅफेत बसून इंग्रजीतले निकाल वाचायचो आणि याला सांगायचो. याचा प्रश्न एकच असायचा, "किती मागे?" कितवा आला, असं त्याने कधी विचारलं नाही.

पुढे कर बदलले, नाक्यावरच्या रांगा आटल्या, ढाबेवाल्याने टीव्ही काढून टाकला. तोवर माझ्या हातात इंटरनेटचा फोन आला होता. त्याच्याकडे बटणांचा होता आणि इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. त्यामुळे २०१८च्या जानेवारीत एकट्याची खबर त्याच्यापर्यंत पोचायला माझ्याशिवाय दुसरी वाट उरली नव्हती.

शर्यतीच्या थोडं आधी जाळ्यातून मासळी काढताना शिंगाळा माशाचा काटा त्याच्या पायात घुसला. साखरेचा आजार जुना, जखम भरेना. डहाणूच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. लेक वलसाडला दिलेली. ती रोज फोन करायची, बाबा, इकडे या, मी सगळी सोय करते. हा नुसता हो हो म्हणायचा. शेवटी वहिनी माझ्यासमोरच रडू लागल्या. "मास्तर, तुमचं तरी ऐकतील हे."

"ऐकतो ना," तो म्हणाला. "एकटा थांबला की मी पण थांबलो. ज्या दिवशी तो शर्यत सोडेल त्या दिवशी वलसाड. आणि पोचला, तर तो पोचल्यावर. मास्तर साक्षीला." असं म्हणून त्याने माझ्या हातावर टाळी दिली. दिलेला शब्द त्याने आयुष्यात मोडलेला मी पाहिला नव्हता.

वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "दर वर्षी लवकरच पडतो ना तो मेला? पडू दे रे देवा."

आम्ही तिघंही हसलो.

देवाने ऐकलं. पहिल्याच आठवड्यात, पेरूच्या वाळूत, एकटा पडला. सकाळी फोन उघडला तर त्याच्या नावापुढे वेळच नव्हती. थोड्या वेळाने त्याने स्वतः टाकलेला फोटो दिसला. हात गळ्यात बांधलेला, हसत होता.

मी लगेच निघालो, सांगायचं ठरवूनच. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते. तो उलट्या टोपलीवर पाय ठेवून माझी वाट बघत बसला होता. लांबूनच ओरडला, "किती मागे?"

"शेवटून दुसरा," मी म्हणालो.

हे मी का बोललो याची पुष्कळ उत्तरं मी नंतर स्वतःला दिली. त्याचा चेहरा बघवला नाही, हे एक. एक दिवसाने काय बिघडतंय, हे दुसरं. खरं उत्तर असं की वलसाडला गेला की लेक त्याला महिनोन् महिने ठेवून घेणार, आणि माझी सकाळ रिकामी होणार. तेवढ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी ते खोटं मोडायला आणखी अवघड गेलं. मग मी रोज एकट्याला थोडं पुढे नेत राहिलो. कधी त्याची चेन तुटली, कधी वाट चुकली. बोलिव्हियाच्या डोंगरावर त्याचा क्लच घसरायला लागला, असंही मी सांगितलं. मित्र दिवसभर त्यावर विचार करत बसला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "प्लेटा जळल्या असतील. अर्ध्या क्लचवर वाळूत फार रेटली त्याने. आता हळू ने म्हणावं." जणू माझा निरोप तिकडे पोचणार होता.

"हळूच नेतोय," मी म्हणालो.

तोवर पायाला वास येऊ लागला होता. बाहेर सुकत्या मासळीचा वास असे, तरी तो वेगळा कळायचा. वहिनी चहा देताना माझ्याकडे बघून विचारायच्या, "अजून नाही का पडला?" मी मान हलवायचो.

शर्यत संपली त्या दिवशी मी त्याला सांगितलं, एकटा पोचला. तो वहिनींना हाक मारून म्हणाला, "बोंबील तळ मास्तरांना. आणि पोरीला फोन लाव. मी येतोय."

वलसाडच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि विचारलं, इतके दिवस काय करत होता? आठवडाभर आधी आणलं असतं तर बोटांवर निभावलं असतं, असं ते म्हणाले. पाय गुडघ्याच्या वरून कापला. विष तरी अंगात पसरलंच. शुद्धीत असे तेव्हा तो नर्सला, वॉर्डबॉयला, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगायचा, आमचा माणूस पोचला, कुणाच्या मदतीशिवाय पोचला. होळीच्या आधी तो गेला.

स्मशानातून परतल्यावर लेक सगळ्यांसमोर म्हणाली, "किती बोलावलं मी. बाबांना माझ्यापेक्षा तो गाडीवाला मोठा झाला." माणसं माझ्याकडे बघू लागली. मी म्हणालो, "हट्टीच होता तो. कुणाचं ऐकलं कधी त्याने?"

लोकांनी तेच पुढे नेलं.

२०१९च्या जानेवारीत एकटा पुन्हा आला. या वेळी तो खरंच पोचला, मोटरसायकलवाल्यांत सगळ्यांच्या शेवटी. फोन हातात धरून मी उठलो, चपला घातल्या, आणि दारात लक्षात आलं की हे सांगायला जायचं कुणाकडे. तरी गेलो. वहिनी बोंबील उलटत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

त्यांचे हात थांबले. "म्हणजे तेव्हा तो पोचलाच नव्हता?"

"नाही."

"आणि हे दवाखान्यात सगळ्यांना सांगत होते." त्यांनी हातातला बोंबील बांबूवर अडकवला. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग, मास्तर? पोरीला सांगा. ती अजून बापाचा फोटो लावत नाही घरात."

त्यांच्यासमोरच मी वलसाडला फोन लावला. मित्राने माझ्या हातावर काय शब्द दिला होता, एकटा कुठल्या आठवड्यात पडला, मी काय केलं, सगळं सांगितलं.

"मास्तरकाका," ती म्हणाली, "म्हणजे बाबा येणार होते."

"हो. त्याच दिवशी आला असता."

तिने फोन ठेवला. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. फोटो लावला, असं वहिनींकडून कळलं.