आत्याला हवी असलेली दुखणी

शाळेचे गणवेश शिवण्यात आत्याचा जन्म गेला. गल्लीतल्या निम्म्या माणसांची मापं लहानपणी तिनेच घेतलेली, म्हणून ती सगळ्यांचीच आत्या. सख्खी मात्र एकाच भाच्याची. लग्न तिने केलं नाही. भावाच्या घरी राहिली, आणि भाऊ गेल्यावर त्या घरात दोघीच उरल्या, ती आणि वहिनी. भाचा नोकरीपायी दुसऱ्या शहरात. नणंद-भावजयीत कुरबुरी होत, पण त्या खिडकी उघडी ठेवायची की बंद, एवढ्यापुरत्या.

बिनसलं ते वहिनीला हृदयाचं दुखणं लागल्यापासून. इस्पितळातून ती घरी आली ती गोळ्यांचं लटांबर घेऊनच. रक्तदाबाची, रक्त पातळ करायची, साखरेची, अंगातलं पाणी उतरवायची. भाच्याने रजा काढली, खणाखणांचा डबा आणला, प्रत्येक वाराला वेगळा खण, आणि तो भरायचं काम आत्यावर सोपवलं.

"तुझं काम चोख असतं, आत्या. आईचं तुलाच बघावं लागेल."

ऐकून आत्याला मूठभर मांस चढलं. पण मग रोज संध्याकाळी फोन यायला लागले. आईने दुपारची गोळी घेतली का, पाय सुजलेत का, दे जरा तिला. फोन वहिनीच्या हातात गेला की आत्या कात्री घेऊन उगाच चिंध्या कापत बसायची. कान मात्र तिकडेच. शेजारणी भेटायला येत, त्या वहिनीच्या उशाशी बसत. चहा आत्याने करायचा आणि कपही आत्यानेच विसळायचे. वहिनी तो डबा उघडायची तेसुद्धा दागिन्यांची पेटी उघडावी तसं, निदान आत्याला तरी तसंच दिसायचं. आत्याच्या स्वतःच्या वाट्याला थायरॉइडची एक बारीकशी गोळी होती. ती सकाळी उपाशीपोटी गिळली की दिवस संपला. तिची चौकशी कोण करणार?

एकदा फोन देता देता ती म्हणाली, "मलाही हल्ली फार दमायला होतं रे."

"वय झालं, आत्या. जपून राहा. आई आहे का तिथे?"

त्या रात्री ती जेवली नाही. वहिनीने विचारलं तर म्हणाली, पोटात दुखतंय. ते खोटं नव्हतं. फक्त त्या पोटदुखीवर कुठल्या दुकानात औषध मिळत नाही.

पुढच्या खेपेला वहिनीला दाखवायला नेलं तेव्हा आत्याने डॉक्टरांपुढे आपलाही दंड धरला. रक्तदाब किंचित वाढलेला निघाला. डॉक्टरांनी एक साधी गोळी दिली. घरी येऊन आत्याने ती पट्टी वहिनीच्या डब्याशेजारी मांडली.

"मलाही प्रेशर निघालं," ती म्हणाली, वर्गात पहिला नंबर आल्यासारखी.

संध्याकाळी तिने भाच्यालाही सांगितलं. "अरे बापरे, काळजी घे हं," तो म्हणाला, "आणि आईची साखर किती आली?"

आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन दिवसांनी ती बाजारातल्या नव्या डॉक्टरकडे गेली, एकटीच. जिना चढून, धापा टाकत आणि मनात धुमसत. रक्तदाब वाढलेला निघणारच. "आणखी कुठली औषधं चालू आहेत?" त्याने विचारलं. चालू आहेत म्हटलं तर हा परत पाठवील, म्हणून ती म्हणाली, "काही नाही." त्याने गोळी लिहून दिली. तिचं नाव वेगळं, रंग वेगळा. आत्याने ती शिलाई मशीनच्या खणात ठेवली आणि दोन्ही घ्यायला लागली.

थोड्याच दिवसांत तिला खरोखर गरगरायला लागलं. ती घाबरली, पण त्याहून जास्त सुखावली. आता खोटं बोलायची गरज नव्हती. ती पुन्हा बाजारात गेली. चक्कर येते म्हटल्यावर त्याने चक्करेची गोळी दिली. त्या गोळीने दिवसभर डोळ्यांवर झापड यायची. शिवण वाकडी जायला लागली.

आणि एका सकाळी मशीनवरून उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती खाली कोसळली, कपाळ टेबलाच्या कडेला लागलं.

वहिनीला दारापर्यंत चालायचं तरी धाप लागायची. ती भिंत धरून आली, जमिनीवर बसली, नणंदेचं डोकं मांडीवर घेतलं आणि शेजारणीला हाक मारली. जखमेवर बांधायला फडकं हवं म्हणून तिने मशीनचा खण ओढला. खडू, बॉबिन, बटणं, आणि खाली गोळ्यांच्या पट्ट्या. तिने आत्याची घरातली झाडून सगळी औषधं पिशवीत घातली आणि शेजारणीच्या गाडीतून तिला नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी पट्ट्या टेबलावर ओतल्या, दोन बाजूला काढल्या. "ही मी दिलेली. आणि ही? औषध तेच आहे, फक्त कंपनी वेगळी. तुम्ही दुप्पट घेत होता. नाडी इतकी मंदावली म्हणून चक्कर आली. आणि त्या चक्करेवर आणखी एक गोळी."

आत्या कपाळावरची पट्टी चाचपत राहिली.

"दुसऱ्या डॉक्टरांना माझं औषध का सांगितलं नाहीत?"

तिच्याऐवजी वहिनी म्हणाली, "राहिलं असेल सांगायचं."

डॉक्टरांनी बाजारातल्या दोन्ही गोळ्या बंद केल्या, बाकीच्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत म्हणून बजावलं, आणि यापुढे कुठेही दाखवायला जाताना घरातली सगळी औषधं बरोबर न्यायला सांगितलं.

घरी आल्यावर दोघी खाटेवर टेकल्या. मग आत्याच बोलली. "तुझा हेवा वाटायचा, वहिनी. सगळे तुझंच विचारायचे."

"विचारतात ते गोळ्यांचं," वहिनी म्हणाली. "वन्सं, जेवताना तुम्ही वरून मीठ घेता ना, तेव्हा मी तुमच्या हाताकडे बघत असते. मला आता जन्मभर अळणी. तुम्ही बाजारात एकट्या जाऊन येता. आणि तुम्हाला हवं काय, तर माझं दुखणं?"

आत्याला हे कधी सुचलंच नव्हतं. तिला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. आपलाही कुणी हेवा करतं.

संध्याकाळी भाचा फोनवर चांगलाच तापला. "तुला काही झालं असतं तर? मी कुणाकडे बघायचं?" आत्या फोन कानाशी घट्ट धरून ऐकत होती. इतका वेळ तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. त्याने आणखी थोडं रागवावं असंही तिला वाटून गेलं.

पोटातलं दुखणं पुरतं गेलं असं नाही. डॉक्टर वहिनीला जास्त वेळ तपासतात तेव्हा आत्या अजून तोंड फिरवून भिंतीकडे बघते. भाचाही कधी कधी विसरतो आणि फोन उचलल्या उचलल्या आईचंच विचारतो. मग आत्या मुकाट्याने फोन पुढे करते आणि पलीकडच्या खोलीत जाते. वहिनी तो कानाला लावते आणि म्हणते, "माझं नंतर. आधी आत्याला विचार, ती आज कशी आहे."